रुसीशेठच्या फोटोला हार

मी सतरा वर्षांची असताना एका धडधाकट, चालत्याबोलत्या माणसाच्या फोटोला हार घातला. तगरीचा हार, मध्ये अबोलीचे पाच झुबके आणि खाली गोंडा. हार सुरेख झाला होता, हे आधीच सांगून टाकते. पुढे या प्रकरणात माझी लाजच निघणार आहे, तर निदान तेवढं तरी माझ्या नावावर असू दे. नातवंडांना ही गोष्ट मी नेहमी चूक म्हणून सांगत आले. आजी किती वेंधळी होती म्हणून ती हसतात, त्यांच्याबरोबर मीही हसते. आता लिहायला बसले तर पेन तेवढ्यावर थांबायला तयार नाही.

घिवलीच्या अलीकडे, रस्ता दर्याकडे वळतो तिथे सुरूंच्या आड एक बंगला होता. दारावरच्या दगडात त्याचं इंग्रजी नाव कोरलेलं होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळा गाव त्याला धुराड्याचा बंगला म्हणायचा. कारण त्याच्या कौलांमधून खरोखरच एक दगडी धुराडं वर आलेलं होतं आणि त्याच्या खाली, दिवाणखान्याच्या भिंतीत, माणूस वाकून आत शिरेल एवढी मोठी शेकोटीची जागा होती. आमच्याकडे पौषातही एका चादरीवर भागतं. तिथे शेकोटी. माझ्या लहानपणी तिचा उपयोग एवढाच, की खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायला तिच्याइतकी शांत जागा दुसरी नव्हती. दिवाणखान्यात पाहुणे बसलेले असायचे आणि मध्येच शेकोटीतून कॉक् कॉक् ऐकू यायचं.

आम्ही बंगल्याच्या मागे, जुन्या तबेल्यात राहायचो. दोन खोल्या, भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या. त्यातल्या एका कडीला आईने शिंकं टांगलं होतं, दुसरीला भाऊंचा सदरा असायचा. भाऊ म्हणजे माझे वडील. बंगल्याची चिकूची वाडी, माड, विहीर आणि फाटकाची किल्ली त्यांच्याकडे होती, त्याआधी त्यांच्या वडलांकडे होती. आई बंगल्याचं स्वयंपाकघर सांभाळायची. मी बंगल्याची काय होते ते मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाटायचं, आपला जन्म खरं तर दिवाणखान्यात व्हायचा होता, काहीतरी गोंधळ होऊन तबेल्यात झाला. दुपारी बाई झोपल्या की मी पुढच्या सात पायऱ्या पदर धरून हळूहळू उतरायची, खाली कुणीतरी मोटार घेऊन उभं आहे अशा थाटात. खाली बहुतेक वेळा भिकी उभी असायची, दोन घागरी घेऊन. भिकी वारल्यांच्या पाड्यावरून पाणी भरायला आणि झाडलोटीला यायची. ती म्हणायची, "राणीसाहेब, जरा बाजूला व्हा, पाणी सांडंल."

बाई म्हणजे मेहेरबाई, बंगल्याच्या मालकीण. पारशी, गोऱ्यापान, साठीच्या पुढच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांच्या छातीत दुखायचं. उजेड-अंधार कळायचा, माणूस उभा आहे एवढं कळायचं, बाकी सगळं बोटांनी आणि कानांनी. त्यांचा मुलगा रुसीशेठ मुंबईत बँकेत होता. वर्षातून दोनदा यायचा, जाताना चिकूची करंडी घेऊन जायचा.

दिवाणखान्याच्या शेकोटीवाल्या भिंतीवर आठ फोटो होते. त्यातले सात मेलेल्यांचे. सगळ्यात वर साहेब, ज्याने बंगला बांधला. रेल्वेचे पूल बांधायला आलेला आयर्लंडचा माणूस. इंग्रज नव्हे, हे बाई दर वेळी बजावून सांगायच्या, जसा काही तो त्यांच्या माहेरचाच. त्याने बंगला बाईंच्या सासऱ्यांना विकला तो एका अटीवर, की त्याची तसबीर त्या भिंतीवरून कायमची उतरवायची नाही. त्याच्या खाली सासरे, सासू, चुलत सासरे, एक नणंद आणि बाईंचे यजमान. आणि शेकोटीच्या दोन बाजूंना दोन लहान मुलगे. दोघांचं वय सहा, दोघांच्या अंगात तोच खलाशी कोट, हातात तीच टोपी, मागे स्टुडिओतला तोच रंगवलेला जिना. डावीकडचा जाल, थोरला, सहाव्या वर्षीच तापाने गेलेला. उजवीकडचा रुसी, धाकटा, जो पुढे वाढून बँकेत लागला होता.

पारशांचं वर्ष संपताना मुक्तादचे दिवस येतात, आपल्या पितृपक्षासारखे, मेलेल्यांच्या आठवणीचे. मुक्तादच्या खोलीत आम्हाला जायची मुभा नव्हती. तिथे चांदीची फुलपात्रं, पाणी, फळं, आणि तारापूरहून येणारे दस्तूरजी, म्हणजे त्यांचे भटजी. पण दिवाणखान्यातल्या फोटोंचे हार मात्र तबेल्यातल्या माणसांनीच करायचे, अशी त्या घरची रीत पडली होती. आधी माझी आजी करायची, मग आई, आठव्या वर्षापासून मी. पहिल्या दिवशी सात हार चढवायचे. ते सुकले, काळे पडले तरी मुक्ताद संपेपर्यंत हात लावायचा नाही. मग सगळे एकत्र टोपलीत घालून दर्यात सोडायचे. साहेबालासुद्धा हार असायचा. तगरीच्या हारातून त्याच्या लाल मिशा बाहेर आलेल्या बघून मला दर वर्षी हसू यायचं.

त्या वर्षी हसू येण्यासारखं काही नव्हतं. बोईसरला कारखाने उभे राहत होते आणि त्यातल्या एकाला आपल्या साहेबलोकांसाठी दर्याकाठी जागा हवी होती. जमिनी तर कूळ कायद्यात केव्हाच कुळांकडे गेल्या होत्या, उरला होता बंगला आणि भोवतीची वाडी. रुसीशेठनी बोलणी केली होती. बाईंनीही, मुक्ताद झाल्यावर सही करीन, असं तोंडाने म्हटलं होतं. मुक्तादच्या आठवडाभर आधी कारखान्याचा एक माणूस टेप घेऊन आला. त्याने बंगला मोजला, विहीर मोजली, मग तबेल्याच्या दारात उभा राहून आत डोकावला. आई भाकऱ्या थापत होती. त्याने भाऊंना विचारलं, इथे कोण राहतं. भाऊंनी सांगितलं. तो टेप गुंडाळत म्हणाला, "ये तबेला तो निकालना पड़ेगा, भाई." वाईट माणूस नव्हता तो. आईने दिलेला चहा पिऊन, कपबशी स्वतः विसळून ठेवून गेला.

त्यानंतर आमच्या घरात बोलणं जवळजवळ बंद झालं. भाऊ वाडीत जास्त वेळ राहू लागले. आई भांडी घासताना जरुरीपेक्षा जास्त घासायची. आम्हाला दुसरं घर नव्हतं, गावात वाटणीचं ओटाभर अंगणही नव्हतं. रुसीशेठ मुक्तादच्या पहिल्या दिवशी संध्याकाळच्या एस्टीने यायचे होते, कागद घेऊन. आदल्या दिवशी आई आणि मी ओसरीवर फुलं ओवत बसलो होतो, तेव्हा मी सहज बोलल्यासारखं म्हटलं की रुसीशेठ आलेच नाहीत तर किती बरं होईल. आईने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की तिथे चार दिवस निळं होतं. ती म्हणाली, "जिभेला हाड नाय तुज्या."

मुक्तादसाठी दिवाणखान्याला चुना दिला होता, त्यामुळे आठही फोटो उतरवून शेकोटीत उभे करून ठेवले होते. पहिल्या दिवशी सकाळी ते पुन्हा लावायचं काम माझ्याकडे. भाऊ आणि आई दस्तूरजींच्या तयारीत. मी स्टुलावर चढून एकेक लावला. वरचे सहा लावले, मग दोन मुलगे राहिले. लावले. मग हार चढवायला घेतले आणि डावीकडच्या मुलाला, दर वर्षीप्रमाणे, शेवटचा हार घातला. स्टूल उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन मलिद्याची कढई खरवडून खाल्ली.

दुपारी भिकी दिवाणखाना पुसायला आली. फडकं हातात तसंच धरून ती शेकोटीपाशी थांबली. मला खुणेने बोलावलं आणि अगदी हळू म्हणाली, "पोरी, ह्यो तर जिता हाय ना." मी म्हटलं, कोण. तिने हनुवटीने दाखवलं. डावीकडच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यावर कोरलेलं लाकडी पान शाबूत होतं. जालच्या चौकटीचं ते पान तुटलेलं होतं, गावातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं. तुटक्या पानाची चौकट उजवीकडे होती, बिनहाराची. दोघांच्या जागा बदलल्या होत्या. बदलल्या होत्या असं लिहिते आहे, जसे काही ते आपणहून उठून बसले होते.

मी स्टूल आणायला धावले. पण तेवढ्यात बाईंची खुर्ची बाहेर आली. रुसी यायचा म्हणून त्या दुपारपासूनच दिवाणखान्यात, भिंतीकडे तोंड करून बसणार होत्या. दिसत नसलं तरी कान असे, की मी स्टूल ठेवलं असतं तर त्याचा कुठला पाय आखूड आहे ते त्यांनी सांगितलं असतं. मी दारात उभी राहिले. तासभर राहिले असेन. बाहेर पाऊस धरला होता, माडांच्या झावळ्या एकमेकींवर आपटत होत्या. आईने केळीच्या पानात चटणी लावून पापलेटं गुंडाळून ठेवली होती, रुसीशेठ आले की वाफवायची. त्या हिरव्या चटणीचा वास घरभर होता.

संध्याकाळी दस्तूरजी गेले आणि बाई उठल्या. ही त्यांची दर वर्षीची फेरी. प्रत्येक फोटोखाली थांबायचं, गोंड्यापासून बोटं वर न्यायची, चौकटीवरून फिरवायची, नाव घ्यायचं. वरच्यांना हात पोचायचा नाही, त्यांचा नुसता गोंडा धरायच्या. साहेब. ससराजी. सासूजी. मी, भाऊ, आई आणि भिकी भिंतीला टेकून उभे. भिकीने आईला सांगितलं होतं, आईने भाऊंना. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच काही करता येत नव्हतं. बाई शेकोटीच्या डावीकडे आल्या. गोंडा धरला, बोटं वर गेली, कोपऱ्यावर आली आणि थांबली. पुन्हा कोपऱ्यावर गेली. मग त्या शेकोटी ओलांडून उजवीकडे गेल्या आणि तिथलं तुटकं पान त्यांनी अंगठ्याने दाबून बघितलं.

"ह्याला हार कोणी घातला?"

मी सांगितलं, मी घातला.

त्यांनी अंगठा पानावरून काढला. मग विचारलं, "रुसीची एस्टी किती वाजता?"

भाऊ म्हणाले, साडेसहाची.

"आता किती झाले?"

सव्वासात झाले होते. भाऊ हार काढायला पुढे झाले. बाई त्यांच्याकडे न वळता म्हणाल्या, "हात नको लावू, पांडू. चढला तो चढला." घरची रीत होती ती. आणि खरं म्हणजे माझ्या आईचंही तेच म्हणणं होतं, की घातलेला हार उतरवणं हे घालण्याहून वाईट.

एस्टी आली नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की खाडीच्या पुलावर पाणी आहे आणि रस्ता बंद. पोस्टातली तार मुकी झाली होती. तिसऱ्या प्रहरी पुलापर्यंत जाऊन आलेल्या एकाने सांगितलं, एक टेंपो पाण्यात गेला, आत मुंबईची माणसं होती म्हणतात. म्हणतात, एवढंच. तो सांगून घरी जेवायला गेला. आमच्या घरात ते 'म्हणतात' तसंच बसून राहिलं. भाऊ घोंगडी घेऊन पुलाकडे गेले ते संध्याकाळी चिखलाने माखून परत आले. पलीकडे जाता आलं नव्हतं. आई माझ्याकडे बघत नव्हती. मी तिच्या समोर गेले की ती चुलीत लाकूड सारायची.

आजकाल माझी नात अर्ध्या तासात उत्तर आलं नाही की कासावीस होते, मोबाइल हातातून खाली ठेवत नाही. मी तिला सांगते, आमच्या वेळी माणूस दोन दिवस नसला तरी नुसता नसायचा. तो नक्की कुठे नाही ते कळायचं साधन नव्हतं.

बाईंनी जेवण सोडलं. रव्याच्या खिरीची वाटी जशीच्या तशी परत यायची. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि खुर्चीपाशी खाली बसवलं. मला वाटलं, आता मला आणि माझ्या घराला निघायला सांगणार. कारखान्याची वाटही बघायची नाही. पण त्या बोलू लागल्या त्या साहेबाबद्दल. बोलता बोलता मध्येच थांबून फाटकाकडे कान द्यायच्या. भिकीची पावलं असायची, नाहीतर गळणाऱ्या पन्हळीचा आवाज.

साहेबाच्या बापाचा आयर्लंडात या बंगल्याच्या चौपट मोठा वाडा होता. भोवती शेकडो एकर जमीन, ती कसणारी कुळं. साहेब धाकटा, त्याला तिथे काही मिळायचं नव्हतं, म्हणून तो इकडे आला. इथे त्याने बापाच्या घराची लहान नक्कल बांधली, शेकोटीसकट. बायको एकदा आली, एक उन्हाळा राहिली, गेली. मग एक दिवस पत्र आलं. कुळांनी एका संध्याकाळी येऊन घरातल्या माणसांना पंधरा मिनिटं दिली, खुर्च्या-तसबिरी बाहेर काढू दिल्या आणि घर पेटवलं. तेव्हा इथे वैशाख होता. साहेबाने पत्र वाचलं, लाकडं मागवली आणि बंगला बांधल्यापासून पहिल्यांदा, आणि शेवटचा, शेकोटीत विस्तव केला. रात्र पडेपर्यंत त्या उकाड्यात तिच्यासमोर बसून राहिला. बाईंच्या सासऱ्यांनी हे डोळ्यांनी बघितलं होतं.

"आमच्या जमिनी पण कुळांकडे गेल्या," बाई म्हणाल्या, "पण आम्हाला कोणी जाळला नाय. भिकीचा नवरा सातबारा घेऊन आला नी पाया पडला. मला इतकी लाज वाटली. पाया मी पडायला पाहिजे होता."

मग जालचं निघालं. माझ्या समोर त्यांनी ते नाव भिंतीपाशी सोडून कधी घेतलं नव्हतं. फोटो काढला त्याच महिन्यात तो गेला. दोन वर्षांनी रुसी सहाचा झाला तेव्हा त्यांनीच हट्ट धरला, की तोच कोट घालायचा, तोच स्टुडिओ, तोच जिना. रुसीला कोट काखेत काचत होता, तो रडत होता. स्टुडिओवाल्याने गोळी देऊन गप्प केलं. "बघ, गालात गोळी दिसेल," बाई म्हणाल्या. नऊ वर्षं तो फोटो पुसत होते मी. गालात गोळी होती. ती मला कायम माहीत होती.

पाऊस तेवढ्यापुरता थांबला होता. बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जड होता.

"मंदा, खरा सांग. चुकून घातला?"

मी म्हटलं, चुकून. चुन्यासाठी फोटो काढले होते, लावताना जागा बदलल्या. माझा आवाज चांगला निघाला, ठाम. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी राणीचं काम केलं होतं, तसाच.

"बरा," त्या म्हणाल्या आणि हात काढून घेतला.

आता इथे मला थांबता आलं असतं. पन्नास वर्षं थांबतच आले. पण मला आठवतं ते असं, की स्टुलावर उभी असताना चौकट माझ्या डाव्या हातात होती आणि अंगठ्याखाली एक गुळगुळीत, शाबूत लाकडी पान होतं. ते पान मला लागलं. त्याच्या पुढचं मला आठवत नाही असं मी स्वतःला सांगत असते. मला तो मरायला नको होता, एवढं देवाशपथ सांगते. चांगला माणूस होता, माझ्यासाठी दर वेळी रावळगावच्या गोळ्या आणायचा. मला फक्त तो यायला नको होता. सतराव्या वर्षी या दोन गोष्टींत केवढं अंतर आहे ते मला कळत नव्हतं आणि त्या तीन दिवसांत ते बोटभरही राहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. मी उठले नाही. मला वाटलं, निरोप घेऊन कुणीतरी आलं. बाईही उठल्या नाहीत, त्यांनी नुसते खुर्चीचे हात घट्ट धरले. मग ओसरीवर चिखलाचे पाय आपटल्याचा आवाज आला आणि रुसीशेठ आत आले, पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली, वहाणा हातात, डोक्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली बॅग. गाड्या पालघरला अडकल्या होत्या, दोन रात्री स्टेशनाच्या बाकड्यावर काढून ते कुठल्याशा ट्रॅक्टरवर बसून आले होते. टेंपोत कोण होतं ते त्यांना माहीत नव्हतं. पुढे कळलं, कुणीच नव्हतं, तो रिकामाच वाहून गेला होता.

बाईंनी त्यांचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, कान चाचपले, मग एक चापट मारली. त्यांच्या खांद्यावरून रुसीशेठची नजर भिंतीवर गेली. ते बघत राहिले. मी खांबाआड सरकले.

"मम्मा," ते म्हणाले, "मी कधी मेलो?"

कुणी हसलं नाही. भाऊ हात जोडून पुढे आले आणि म्हणाले, पोरीची चूक झाली. त्यांना मी आयुष्यात त्याआधी कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. मेलेच असते मी तर बरं, असं तेव्हा वाटलं. भिकीने सगळ्यांना सोडवलं. फडकं खांद्यावर टाकत ती म्हणाली, "आवो शेठ, जित्याला मेला केला का त्याचा आयुष्य वाढतो. आता तुमी शंभर काढता." रुसीशेठ मग हसले, खुर्चीत बसले आणि विचारलं, पापलेट आहे का. पहिली पापलेटं आदल्या दिवशी भिकीच्या घरी गेली होती, आईने सुक्या बोंबलांचं कालवण केलं. तीन भाकऱ्या खाल्ल्या त्यांनी.

जेवण झाल्यावर त्यांनी वेताच्या टेबलावर कागद मांडले. बंगला मायलेकांच्या दोघांच्या नावावर, दोन्ही सह्या हव्या होत्या. आम्ही जायला निघालो तर बाई म्हणाल्या, थांबा. भाऊ दारात, आई त्यांच्या मागे, मी आईच्या मागे. रुसीशेठ समजावत होते. बोलणं खोटं नव्हतं, मुलगा म्हणून बोलत होते. तू इथे एकटी, दिसत नाही, एखाद्या दिवशी विहिरीपाशी पाय घसरला तर मला तिसऱ्या दिवशी कळेल. बाईंनी सगळं ऐकलं. पेन हातात घेतलं. टोपण काढलं. भाऊंनी खाली बघितलं.

"मी सही करते," बाई म्हणाल्या. "पण तुझी नाय चालणार."

का, रुसीशेठनी विचारलं.

"तुला हार चढला. ह्या घरात हार चढलेला माणूस मालक राहतो, विकू नाय शकत. ससराजी बघ. तुझा बाप बघ. कोणी विकला?"

"साहेबाने विकला की, मम्मा. आपल्यालाच विकला."

"तेव्हा त्याला हार नव्हता."

रुसीशेठ हसू दाबत होते पण ते डोळ्यांत आलं. ते म्हणाले, हा हार आहे तोपर्यंत मी मेलेला, समजलं. दर्यात गेल्यावर तर जिवंत होईन? बाई म्हणाल्या, तेव्हा तुझी रजा संपलेली असेल. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते आपल्या कमरेला खोचलं. कागद टेबलावर पंख्याच्या वाऱ्याने हलत राहिले. मग रुसीशेठनी ते गोळा करून पुन्हा प्लॅस्टिकमध्ये घातले आणि बाईंना म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. दोन दिवस राहून ते गेले. जाताना माझ्यापाशी थांबले, खिशातून गोळ्यांचा पुडा काढून दिला. काही विचारलं नाही. मला ते विचारण्यापेक्षा जड गेलं.

पुढचं वर्ष आलं, त्याच्या पुढचं आलं. आम्ही तबेल्यात राहिलो. लग्न होऊन मी माकुणसारला निघाले ती त्याच सात पायऱ्या उतरून, आणि या वेळी खाली खरोखर मोटार होती, भाड्याची, दोनदा बंद पडलेली. भाऊंच्या हातात फाटकाची किल्ली बाई होत्या तोवर राहिली.

पण मला सांगायचं आहे ते त्याच मुक्तादच्या शेवटच्या दिवसाचं. ऊन पडलं होतं. मी सातही हार उतरवून टोपलीत घातले, रुसीशेठचा काळा पडलेला सगळ्यात वर. फोटोंच्या जागा मी अजून बदलल्या नव्हत्या, हात लावायचं धाडस होत नव्हतं. बाई पुढच्या पायरीवर बसल्या होत्या. टोपली घेऊन मी त्यांच्या बाजूने उतरले तेव्हा त्यांनी माझा पदर धरला. त्यांनी टोपलीत हात घालून वरचा हार चाचपला, गोंडा बोटांत चुरगळला आणि मला अगदी जवळ, खाली वाकायला लावलं. कुणी ऐकू नये म्हणून. वाडीत भाऊ होते, विहिरीवर भिकी होती.

"मंदा, दर्यावरून आलीस ना, की दगड घे, नी रुसीच्या फ्रेमचा पण पान तोड. दोन्ही फ्रेम हाताला सारख्या लागल्या, की पुढच्या मुक्तादला चूक मी करीन. तू नको."